माध्यमिक शाळेतील धर्माभ्यास आणि जीवनदृष्टी : इंग्लंडमधील वाटचाल व कॅथलिक भूमिका

आपल्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सेनंतर मुलांचे जे वर्ग भरतात, त्यांना आपण धर्मशिक्षण म्हणतो. प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण या संस्कारांची तयारी तेथे होते, प्रार्थना पाठ होतात, पवित्र शास्त्रातील कथा सांगितल्या जातात. शिकवणारा आणि शिकणारा असे दोघेही श्रद्धेच्या एकाच घरातले असतात. शाळेच्या वेळापत्रकात इतिहास आणि भूगोलाच्या बरोबरीने जेव्हा धर्म हा विषय येतो, वर्गात निरनिराळ्या धर्मांची आणि कोणताच धर्म न मानणारी मुले शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि शेवटी त्या विषयाची परीक्षाही होते, तेव्हा तेथे चालणारे काम वेगळे असते. घोटाळा टाळण्यासाठी प्रस्तुत लेखात त्या शालेय विषयाला आपण 'धर्माभ्यास' म्हणू.

दोहोंमधील फरक मराठी व्याकरणाच्या साहाय्याने चटकन ध्यानी येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण म्हणतो, 'येशू मरणातून उठला असे आम्ही मानतो.' धर्माभ्यासाच्या वर्गात वाक्य होते, 'येशू मरणातून उठला असे ख्रिस्ती लोक मानतात.' क्रियापदाचा केवळ पुरुष बदलला, पण तेवढ्याने शिक्षकाचे स्थान, विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य आणि आईवडिलांचा हक्क या तिन्ही गोष्टी बदलतात. सर्वांना एकत्र बसवून शासनाच्या खर्चाने धर्म शिकवायचा, तर तो 'मानतो' म्हणून शिकवायचा की 'मानतात' म्हणून, या प्रश्नाशी इंग्लंड दीडशे वर्षे झुंजत आहे. अलीकडे त्या वादात 'जीवनदृष्टी' हा नवा शब्द आला आहे. तेथील कॅथलिक ख्रिस्तसभेने या सर्व काळात घेतलेली भूमिका आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे, कारण आपल्यापैकी अनेकांची मुलेनातवंडे आज त्या शाळांत शिकत आहेत.

शाळा आधी, चर्च नंतर

इंग्लंडमध्ये कॅथलिकांवरील बहुतेक कायदेशीर निर्बंध १८२९ साली उठले आणि १८५० मध्ये तेथे धर्मप्रांतांची पुन्हा स्थापना झाली. त्यावेळचा कॅथलिक समाज मोठ्या प्रमाणावर आयर्लंडमधून पोटासाठी आलेल्या मजुरांचा होता. १८५२ साली भरलेल्या वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेत बिशपांनी असे ठरवले की, जेथे दोन्ही बांधणे परवडणार नाही तेथे शाळेला अग्रक्रम द्यावा, चर्चची वास्तू मागाहून उभारावी. मुंबई आणि वसई परिसरात चर्चच्या आवारातच शाळा पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना या निर्णयाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

१८७० च्या शिक्षण कायद्याने सरकारी मंडळांच्या शाळा सुरू झाल्या. त्या शाळांत कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाची प्रश्नोत्तरी किंवा खास धर्मसूत्रे शिकवू नयेत, असे कलम त्यात होते. ते सुचवणाऱ्या संसदसदस्याच्या नावावरून ते कूपर-टेंपल कलम म्हणून ओळखले जाते. या कलमाचा परिणाम असा झाला की सरकारी शाळांतून बायबल वाचले जाई, परंतु ख्रिस्तसभा, संस्कार, संतपरंपरा यांविषयी मौन पाळले जाई. बिशपांच्या दृष्टीने हा तटस्थपणा नव्हताच. संस्कार वगळलेले बायबल हाही एक पंथच होता, आणि तो कॅथलिक नव्हता. आपल्या शाळा स्वखर्चाने चालवण्याचा कॅथलिकांचा हट्ट यातून निर्माण झाला.

दुसरे महायुद्ध संपत आले असता, १९४४ साली, शिक्षणमंत्री आर. ए. बटलर यांनी तडजोड घडवून आणली. त्या कायद्याने प्रत्येक शासकीय शाळेत धर्माचे शिक्षण आणि सामुदायिक उपासना सक्तीची झाली. गंमत अशी की, कायद्याने नाव घेऊन सक्तीचा केलेला तो एकमेव विषय होता, गणित आणि इंग्रजीसुद्धा नव्हे. काय शिकवायचे ते प्रत्येक जिल्ह्यात पंथांचे, शिक्षकांचे व स्थानिक प्रशासनाचे प्रतिनिधी एकत्र बसून ठरवत. त्याला 'संमत अभ्यासक्रम' असे नाव मिळाले. आईवडिलांना आपले मूल या तासातून काढून घेण्याचा अधिकार मिळाला, तसेच शिक्षकालाही हा विषय शिकवण्यास नकार देता येऊ लागला.

कॅथलिक शाळांना 'अनुदानित स्वयंसेवी' असा दर्जा देण्यात आला. शिक्षकांचे पगार शासनाने द्यायचे, धर्माचा अभ्यासक्रम बिशपांनी ठरवायचा आणि इमारतीच्या मोठ्या खर्चाचा निम्मा वाटा कॅथलिक समाजाने उचलायचा, अशी ती व्यवस्था होती. हा निम्मा वाटा उभा करताना धर्मग्रामांची कितीतरी वर्षे वर्गण्या, जत्रा आणि सोडती यांत गेली. पुढे तो वाटा टप्प्याटप्प्याने कमी होत दहा टक्क्यांवर आला. आज इंग्लंडमधील शासकीय अर्थसाहाय्यावरील शाळांपैकी सुमारे दहा टक्के शाळा कॅथलिक आहेत.

'मानतो' पासून 'मानतात' पर्यंत

१९४४ च्या कायद्यामागे एक गृहीत होते. देश ख्रिस्ती आहे, म्हणून शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवला जाणार. १९६० च्या दशकात ते गृहीत दोन्ही बाजूंनी ढासळले. एकीकडे चर्चमधील उपस्थिती घटत चालली. दुसरीकडे पंजाब, गुजरात, पूर्व आफ्रिका, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज येथून आलेली कुटुंबे बर्मिंगहॅम, लेस्टर, कॉव्हेंट्री अशा औद्योगिक शहरांत स्थायिक झाली. शीख, हिंदू आणि मुसलमान मुले ज्या वर्गात बसली आहेत, तेथे 'आपण मानतो' असे शिक्षकाने कोणाच्या वतीने म्हणावे?

उत्तर शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते निनियन स्मार्ट हे स्कॉटिश घराण्यातील विद्वान. सैन्यसेवेच्या निमित्ताने श्रीलंकेत असताना त्यांचा बौद्ध धर्माशी जवळून परिचय झाला होता. १९६७ साली लँकेस्टर विद्यापीठात त्यांनी धर्म-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. धर्म म्हणजे केवळ सिद्धान्त नव्हेत. विधी, कथा, अनुभव, नीती, समाजरचना आणि वास्तू-मूर्ती-चित्रे अशी त्याची अनेक अंगे असतात, आणि अभ्यासकाने स्वतःचे मत क्षणभर बाजूला ठेवून श्रद्धावंताच्या नजरेतून ती पाहावीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९७१ मध्ये शालेय परिषदेने माध्यमिक शाळांसाठी जो दस्तऐवज काढला, त्यावर या विचाराची स्पष्ट छाप आहे. त्यानंतर १९७५ साली बर्मिंगहॅम शहराने नवा संमत अभ्यासक्रम स्वीकारला. त्यात अनेक धर्मांबरोबर मानवतावाद आणि साम्यवाद यांनाही स्थान दिलेले पाहून देशभर गदारोळ माजला. 'जीवनदृष्टी'चा जो वाद आज नवा म्हणून मांडला जातो, त्याचे बी पन्नास वर्षांपूर्वीच पेरले गेले होते.

१९८८ च्या शिक्षणसुधारणा कायद्याने या बदलाला कायद्याचे रूप दिले. नव्या संमत अभ्यासक्रमांत ब्रिटनच्या धार्मिक परंपरा मुख्यत्वे ख्रिस्ती आहेत हे प्रतिबिंबित झाले पाहिजे, त्याचबरोबर तेथील अन्य प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांचीही दखल घेतली गेली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. मात्र हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमाबाहेरच राहिला. त्यामुळे प्रत्येक जिल्ह्याचा अभ्यासक्रम वेगळा, दर्जाही वेगळा. प्रत्येक जिल्ह्यात एक स्थायी सल्लागार परिषद असते. तिच्या चार गटांपैकी एक अँग्लिकन पंथाचा, एक शिक्षकांचा, एक स्थानिक प्रशासनाचा असतो. कॅथलिक प्रतिनिधी उरलेल्या गटात हिंदू, शीख, मुसलमान, यहुदी आणि इतर ख्रिस्ती पंथीयांसमवेत बसतात. ज्या देशात एकेकाळी कॅथलिक धर्मगुरूंना लपूनछपून मिस्सा करावी लागे, तेथे ही बैठकव्यवस्थासुद्धा बरेच काही सांगून जाते.

प्रत्यक्ष वर्गात या पद्धतीचे गुण दिसले, तसे दोषही दिसले. चांगल्या शिक्षकाच्या हाती शेजाऱ्याच्या देवघराचे दार उघडल्यासारखे होई. सामान्य शिक्षकाच्या हाती उरे ती सणांची जंत्री : सोमवारी दिवाळी, बुधवारी ईद, शुक्रवारी ईस्टर. शिवाय पाठ्यपुस्तकातील 'हिंदू' हा प्रत्यक्षातल्या हिंदू मुलासारखा क्वचितच असे. वॉरिक विद्यापीठाच्या रॉबर्ट जॅक्सन आणि एलिनॉर नेसबिट यांनी कॉव्हेंट्रीतील गुजराती व पंजाबी कुटुंबांतील मुलांचा जवळून अभ्यास करून १९९३ साली ब्रिटनमधील हिंदू मुलांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. घरची भाषा, जात, संप्रदाय, आजीच्या कथा यांनुसार एकाच धर्माची मुले किती वेगवेगळी घडतात, हे त्यातून पुढे आले. कॅथलिकांविषयी हेच म्हणता येईल. पोलंड, केरळ, नायजेरिया आणि वसई येथील चार कॅथलिक मुले एकाच बाकावर बसली, तर श्रद्धा एकच असली तरी नाताळ, उपवास आणि मृतांसाठीच्या प्रार्थना यांविषयी ती चार निरनिराळ्या गोष्टी सांगतील.

'जीवनदृष्टी' म्हणजे काय?

इंग्लंडच्या धर्माभ्यास मंडळाने २०१६ साली एक आयोग नेमला. वेस्टमिन्स्टर ॲबीचे तत्कालीन डीन जॉन हॉल हे त्याचे अध्यक्ष होते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयोगाने अहवाल सादर केला आणि विषयाचे नावच बदलून 'धर्म आणि जीवनदृष्टी' असे करावे, अशी शिफारस केली. इंग्रजीतील 'वर्ल्डव्ह्यू' या शब्दाला येथे आपण जीवनदृष्टी म्हणत आहोत. जग काय आहे, माणूस कोण आहे, चांगले कसे जगावे याविषयी मनुष्याच्या ठायी असणारी समज, असा त्याचा ढोबळ अर्थ. आयोगाने तिचे दोन प्रकार सांगितले. एक संघटित, उदाहरणार्थ इस्लाम, ख्रिस्ती धर्म किंवा मानवतावाद. दुसरी वैयक्तिक, म्हणजे एखादी व्यक्ती प्रत्यक्षात ज्या दृष्टीने जगते ती; ती संघटित दृष्टीशी जुळेलच असे नाही.

यामागचा विचार एका वाक्यात सांगायचा तर असा : कोणीही कोठेच उभा नाही असे नसते. नास्तिक मनुष्यही कोठेतरी उभा राहूनच जगाकडे पाहतो, आणि शिक्षकही. म्हणून मुलांनी धर्मांची माहिती तर घ्यावीच, पण ती माहिती आपण कोठून पाहत आहोत याचेही भान ठेवावे.

बाप्तिस्म्याचा पाठ घेऊ. जुन्या पद्धतीत शिक्षक सांगे की ख्रिस्ती लोक बालकाच्या मस्तकावर पाणी ओततात आणि ते शुद्धीचे प्रतीक आहे. नव्या पद्धतीत तीन घरे समोर ठेवता येतील. एका कॅथलिक घरी काही आठवड्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. एका बॅप्टिस्ट घरी तरुण मुलगी स्वतः विश्वासाची कबुली देऊन पाण्यात पूर्ण बुडून वर येते. एका क्वेकर घरी पाण्याचा बाप्तिस्मा दिलाच जात नाही. तिन्ही घरे स्वतःला ख्रिस्ती परंपरेशी जोडतात, मग त्यांची वागणूक वेगळी का? बाळाला काहीच समजत नसताना त्याला कृपा मिळते, असे कॅथलिक का म्हणतात? या शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे तर मूळ पाप, देवाची विनामोबदला कृपा आणि ख्रिस्तसभा या तिन्हींविषयी बोलावे लागते. चौदा वर्षांच्या मुलांच्या वर्गात असा पाठ नीट झाला, तर कॅथलिक शिकवणीला त्यात न्याय मिळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण हे 'नीट झाला तर' यावर बरेच काही अवलंबून आहे, कारण इंग्लंडमध्ये हा विषय शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांचे मूळ शिक्षण दुसऱ्याच विषयातील असते.

आयोगाच्या शिफारशींचे सर्वांनी स्वागत केले नाही. कॅथलिक बिशपांच्या वतीने काम करणाऱ्या कॅथलिक शिक्षण सेवेने विरोध नोंदवला. ब्रिटिश यहुद्यांच्या प्रातिनिधिक मंडळानेही टीका केली. आधीच आठवड्याला एखादा तास मिळणाऱ्या विषयात आणखी अनेक विचारप्रणाली कोंबल्या तर धर्मांचाच सखोल अभ्यास कमी होईल, ही मुख्य भीती होती. त्यामागे याहून खोल शंकाही आहे. श्रद्धेला 'दृष्टी' म्हटले की ती मनुष्याने घडवलेली वस्तू ठरते. कॅथलिक शिकवणीनुसार श्रद्धा हे देवाच्या हाकेला दिलेले उत्तर आहे. पाहणारा आधी पाहिला गेलेला असतो. 'जीवनदृष्टी' या शब्दात ही बाजू मावत नाही. विरोधाचा हा भाग मला अधिक वजनदार वाटतो. वेळापत्रकाचा प्रश्न तास वाढवून सुटू शकेल, हा सुटणार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी शिफारशी अमलात आणण्यास नकार दिला. तरीही शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि जिल्ह्यांच्या संमत अभ्यासक्रमांत हा शब्द हळूहळू रुजत गेला आहे.

कॅथलिक माध्यमिक शाळेत काय शिकवतात?

कॅथलिक शाळांचा धर्माभ्यास बिशप ठरवतात. सोळाव्या वर्षापर्यंत एकूण अध्यापनाच्या वेळेपैकी दहा टक्के वेळ त्याला दिला पाहिजे असा दंडक आहे, आणि शासकीय तपासणीव्यतिरिक्त या विषयाची वेगळी तपासणी धर्मप्रांताच्या वतीने होते. अशा शाळांत शिकणारी सगळीच मुले कॅथलिक नसतात. शहरांत मुसलमान, हिंदू, शीख आणि अन्य पंथीय ख्रिस्ती मुलांची संख्या बरीच असते. त्यामुळे 'मानतो' आणि 'मानतात' हा पेच या शाळांनाही चुकलेला नाही.

२०२३ साली इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी नवी मार्गदर्शिका काढली. संत रिचर्ड ऑफ चिचेस्टर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रार्थनेवरून तिला 'टू नो यू मोअर क्लिअरली' असे नाव दिले आहे. वर्षाचा अभ्यास सहा शाखांत विभागलेला आहे. निर्मिती आणि करार यांपासून आरंभ होऊन आगमनकाळातील भविष्यवाणी, गालिलीपासून जेरुसलेमपर्यंतचे ख्रिस्तचरित्र, दुःखसहन व पुनरुत्थान, ख्रिस्तसभेचे कार्य, असे उपासना-वर्षाच्या पावलावर पाऊल टाकत तो पुढे सरकतो. सहावी शाखा 'संवाद आणि भेट' या नावाची आहे. अन्य ख्रिस्ती परंपरा, अन्य धर्म आणि धर्मेतर जीवनदृष्टी यांचा परिचय तीत होतो. म्हणजे ज्या शब्दाला बिशपांच्या संस्थेने २०१८ मध्ये हरकत घेतली, त्याचा आशय पाच वर्षांनी कॅथलिक अभ्यासक्रमात आला आहे. मात्र तो आला आहे कॅथलिक शिकवणीच्या पायावर, पाच शाखांच्या नंतर. आधी स्वतःचे घर नीट ओळखावे, मग शेजाऱ्याकडे जावे, असा हा क्रम आहे.

सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत हा विषय दरवर्षी दोन लाखांहून अधिक विद्यार्थी घेतात. २०१६ पासून शिकवल्या जाऊ लागलेल्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने दोन धर्म अभ्यासणे आवश्यक झाले. कॅथलिक शाळांत दुसरा धर्म यहुदी असावा, असे बिशपांनी ठरवले. येशू स्वतः यहुदी होता, आणि ख्रिस्ती उपासनेची मुळे त्या परंपरेत आहेत, हे कारण पटण्यासारखे आहे. परंतु ज्या शाळांत शेजारचे बाक मुसलमान मुलांचे आहे, त्या शाळांना इस्लामचा पर्याय परीक्षेपुरता बंद झाला, आणि त्याबद्दल काही कॅथलिक शिक्षकांनीही खंत बोलून दाखवली होती.

ख्रिस्तसभेची शिकवण

द्वितीय व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज प्रसृत केले. 'ग्राव्हिसिमुम एदुकात्सिओनिस' हा ख्रिस्ती शिक्षणावरचा, आणि 'नोस्त्रा एताते' हा ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या संबंधांवरचा. या विषयाची दोन्ही टोके त्या दोन लेखांत आहेत. त्याच वर्षी ७ डिसेंबरला प्रसृत झालेल्या धर्मस्वातंत्र्यावरील घोषणेत म्हटले आहे की, आईवडिलांच्या धर्मश्रद्धेशी न जुळणाऱ्या पाठांना बसण्याची मुलांवर सक्ती होत असेल, किंवा धर्मसंस्कार पूर्णतः वगळणारी एकच शिक्षणपद्धती सर्वांवर लादली जात असेल, तर आईवडिलांच्या हक्कांचा भंग होतो.

शालेय धर्माभ्यास आणि धर्मशिक्षण यांतला भेद १९८८ साली कॅथलिक शाळांविषयीच्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात आणि १९९७ च्या धर्मशिक्षणविषयक सर्वसाधारण मार्गदर्शिकेत स्पष्ट केला आहे. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि एकमेकांना पूरक आहेत. ५ मे २००९ रोजी कार्डिनल झेनोन ग्रोखोलेव्स्की यांच्या सहीने जगभरच्या बिशप परिषदांना एक पत्र गेले. धर्माभ्यास म्हणजे निरनिराळ्या धर्मांची तटस्थ तुलना एवढेच उरले, तर मुलांच्या मनात गोंधळ माजेल किंवा सर्व धर्मांविषयी उदासीनता निर्माण होईल, असा इशारा त्यात दिला होता. पुढे २०१३ मध्ये त्याच विभागाने कॅथलिक शाळांतील आंतरसांस्कृतिक संवादावर स्वतंत्र दस्तऐवज काढला. दोन्ही एकत्र वाचले, तर संवादाला रोम घाबरते असे वाटण्याचे कारण उरत नाही. ज्याला आपले असे काही म्हणायचेच नाही, त्याच्याशी संवाद कसा होणार, एवढाच त्या पत्रातील मुद्दा आहे.

न्यायालये आणि आईवडील

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९७६ साली डेन्मार्कमधील एका खटल्यात सूत्र घालून दिले : शाळेतील ज्ञान वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि बहुविधतेचा आदर करणाऱ्या रीतीने दिले गेले पाहिजे. त्याच सूत्रावर २००७ मध्ये नॉर्वेचा सर्वांसाठी सक्तीचा धर्मविषय मानवाधिकारांशी विसंगत ठरला. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये तीन कुटुंबांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ जीसीएसईचा धर्मपाठ शिकवला म्हणजे शाळेचे कर्तव्य पूर्ण झाले असे शासनाने सुचवणे कायद्याला धरून नाही. धर्मेतर दृष्टींनाही एकंदर विषयात योग्य स्थान हवे.

सर्वांत ताजा निर्णय उत्तर आयर्लंडचा आहे. तेथील धर्माभ्यासाचा गाभा कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट आणि चर्च ऑफ आयर्लंड या चार ख्रिस्तसभांनी मिळून तयार केला होता. एकमेकांच्या रक्ताला तहानलेल्या समाजांतून आलेल्या चार ख्रिस्तसभांनी एक अभ्यासक्रम लिहावा, हे केवढे मोठे काम होते! तथापि नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वस्तुनिष्ठ व चिकित्सक रीतीने शिकवला जात नाही, म्हणून बेकायदेशीर ठरवला. मूल तासातून काढून घेण्याची मुभा आहे, एवढ्याने दोष भरून निघत नाही, कारण वेगळे काढलेले मूल सर्वांच्या नजरेत येते, हा न्यायालयाच्या विचाराचा महत्त्वाचा भाग होता.

वेल्समध्ये वारे उलट दिशेने वाहिले. २०२१ च्या कायद्याने विषयाचे नाव 'धर्म, मूल्ये व नीती' असे झाले, आणि नव्या अभ्यासक्रमात मूल काढून घेण्याचा आईवडिलांचा अधिकारच उरला नाही. अनुदानित कॅथलिक शाळांना स्वतःच्या परंपरेनुसार शिकवता येते, परंतु पालकांनी मागितल्यास त्यांना संमत अभ्यासक्रमही उपलब्ध करून द्यावा लागतो. कॅथलिक शिक्षण सेवेने त्यावर तीव्र नापसंती व्यक्त केली होती. येथे 'आईवडिलांचा हक्क' हे एकच तत्त्व दोन्ही पक्ष वापरतात, हे ध्यानात ठेवावे. उत्तर आयर्लंडमध्ये त्याच हक्काने धर्म न मानणारे पालक न्यायालयात गेले.

भारतातील कायदा

आपल्या राज्यघटनेने निराळी वाट निवडली. अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते देता येते, मात्र विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती लागते. आपल्या शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला आणि इतर मुले नीतिशिक्षणाला जातात, त्या प्रथेला हाच आधार आहे.

परंतु 'धार्मिक शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' या दोहोंत १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेच फरक केला होता. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्यशिक्षणाच्या संदर्भात सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी असे सुचवले. त्या आधारावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान दिले गेले, तेव्हा १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांचा अभ्यास अनुच्छेद २८ ने निषिद्ध नाही. दार उघडे आहे, पण त्यातून आत फारसे कोणी गेलेले नाही. आपल्याकडील दहावी झालेल्या कॅथलिक मुलाला वारकरी संप्रदायाविषयी जे ठाऊक असते ते शेजारपाजारातून, आणि त्याच्या हिंदू मित्राला ख्रिस्तप्रसादाविषयी जे ठाऊक असते ते बहुधा चित्रपटातून. तो मित्र जेव्हा 'तुम्ही त्या पांढऱ्या चकतीला देव का म्हणता?' असे विचारतो, तेव्हा 'आम्ही मानतो' एवढेच उत्तर अपुरे पडते.

परदेशी गेलेल्या कुटुंबांसाठी

स्विंडन शहरात आणि लंडनच्या पश्चिम उपनगरांत गोमंतकीय व अन्य भारतीय कॅथलिकांची मोठी वस्ती आहे. तेथे नव्याने गेलेल्या पालकांनी काही गोष्टी ठाऊक करून घ्याव्यात. कॅथलिक शाळेत जागांपेक्षा अर्ज अधिक आले, तर कॅथलिक मुलांना प्राधान्य देण्याची मुभा शाळेला असते, म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला आपल्या धर्मग्रामातून निघतानाच घ्यावा. सर्वसाधारण शाळेत प्रवेश मिळाल्यास त्या जिल्ह्याचा संमत अभ्यासक्रम मागून वाचता येतो; ॲकॅडमी प्रकारची शाळा असेल तर तिला जिल्ह्याचा अभ्यासक्रम बंधनकारक नसतो, म्हणून तिने कोणता स्वीकारला आहे ते विचारावे. इंग्लंडमध्ये संपूर्ण विषयातून किंवा त्याच्या एखाद्या भागातून मूल काढून घेण्यासाठी पालकांनी कारण देणे आवश्यक नाही. त्या मुलावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शाळेची राहते. प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण यांची तयारी बहुतेक ठिकाणी शाळेऐवजी धर्मग्रामात होते, आणि नावनोंदणी बऱ्याचदा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होत असल्याने पॅरिश कार्यालयात वेळीच चौकशी करणे बरे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रा. बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभ्यासक्रमाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात धर्माभ्यास यथावकाश राष्ट्रीय अभ्यासक्रमात घ्यावा, आणि त्यासाठी विविध श्रद्धासमूह व शिक्षक यांच्यात आधी सहमती घडवावी, असे सुचवले आहे. १९४४ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत चालत आलेली ती संमतीची बैठक आता साऱ्या देशासाठी एका मेजाभोवती भरवण्याचा हा प्रस्ताव आहे.